झोन सेटलमेंट आहे, पण ते पाण्याला कोण सांगणार?

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की गोव्यात प्लॉट घेताना जमिनीचा उतारा नीट वाचा, तेवढ्यावरून पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा हुंवारच आला. अर्ध्याहून जास्त पत्रं पुराबद्दलच आहेत. सगळी छापणं शक्य नाही, एकसारखी होती ती एकत्र केलीत, आणि नावं कुणाचीच देत नाहीये कारण बऱ्याच जणांचे शेजाऱ्याशी वाद चालू आहेत.

प्रश्न : सर, साखळीजवळ वाळवंटी नदीच्या काठाला ४०० चौरस मीटरचा प्लॉट बघितलाय, रेट बरा आहे. एजंट म्हणतो झोनिंग सर्टिफिकेट सेटलमेंटचं (म्हणजे वस्तीच्या झोनचं) आहे, सनद आहे, म्हणजे सगळं क्लियर. आई म्हणते तिथे ८२ साली पाणी चढलं होतं, घेऊ नको. बहीण कोल्हापूरला दिलीय, तिच्याकडे म्हणे निळी रेषा लाल रेषा असते आणि ती बघूनच लोक जागा घेतात. आपल्याकडे ही रेषा कुठे बघायला मिळेल? (डिचोली तालुका)

उत्तर : आधी आईचं ऐका. मस्करी नाही करत. सरकारी पूररेषा काढतात ना, तेव्हासुद्धा इंजिनियर गावात फिरून जुन्या माणसांना हेच विचारतात, पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, कुठल्या झाडापर्यंत आलं होतं, आणि ती खूण मोजून कंप्युटरच्या उत्तराशी ताडून बघतात. तुमच्याकडे तो डेटा घरात बसलाय. आणि ८२ साल काही आईच्याच डोक्यात नाही, २०२१ च्या जुलैमध्ये म्हादई (खाली हिलाच मांडवी म्हणतात) चढली, सत्तरी, गांजे, उसगाव, खांडेपार सगळीकडे घरं गेली तेव्हा मुख्यमंत्री पण हेच म्हणाले होते की १९८२ नंतरचा हा सगळ्यात वाईट पूर.

आता रेषेचं. बहिणीचं बरोबर आहे, महाराष्ट्रात जलसंपदा खातं दोन रेषा आखतं. २५ वर्षांच्या पुराचं पाणी किंवा नदीच्या पात्रात मावतं त्याच्या दीडपट पाणी, यातलं जे जास्त असेल ते जिथपर्यंत पोचेल ती निळी, आणि १०० वर्षांच्या पुराची ती लाल. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र, तिथे बांधायचं नाही, आणि निळी ते लाल नियंत्रित, तिथे अटी घालून परवानगी. आता तिथे नियम पाळले जातात का हा प्रश्न कोल्हापूरकरांनाच विचारा, पण निदान नकाशावर रेषा आहे आणि तिच्यावरून भांडता येतं.

ही कल्पना जुनी आहे. केंद्र सरकारने १९७५ साली पूरक्षेत्रात कुठे काय बांधावं याच्या कायद्याचा एक नमुना करून सगळ्या राज्यांना पाठवला. त्याच्यात साधं गणित होतं, हॉस्पिटल, वीज, पाणीपुरवठा, टेलिफोन, कारखाने हे १०० वर्षांच्या पुराच्या वर पाहिजेत, ऑफिसं आणि राहती घरं निदान २५ वर्षांच्या पुराच्या वर, आणि मैदान, बागा बुडाल्या तरी चालतील. मणिपूरने १९७८ ला कायदा केला, राजस्थानने १९९० ला, उत्तराखंडने २०१२ ला. बाकीच्या बहुतेकांनी फाईल ठेवून दिली, आणि आपला गोवा पण त्या बाकीच्यांत.

म्हणजे कायदेच नाहीत असं नाही, उलट ढीगभर आहेत, पण प्रत्येकाचं लक्ष तिसरीकडेच. झोनिंग सर्टिफिकेट नगर नियोजन खातं देतं, ते फक्त सांगतं की नकाशात ही जमीन कुठल्या रंगात आहे. सनद म्हणजे जमीन महसूल कायद्याच्या कलम ३२ खाली बिगरशेती वापराची परवानगी. या दोन कागदांपैकी एकावरही पाणी किती चढतं ते लिहिलेलं नसतं! सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाच्या नियमांची, तर गंमतच आहे, नदीत आत कुठपर्यंत सीआरझेड लागू होतो ते पाण्याच्या खारटपणावर ठरतं, हजारात पाच भाग मीठ, आणि ते मोजायचं वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत. म्हणजे मे महिन्यात मीठ कुठवर येतं त्याची ती रेषा, जुलैत गढूळ पाणी कुठवर येतं त्याची नाही. आणि झोन म्हणाल तर तो आता बदलतोही, नगर नियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ या कलमांवरून कोर्टात काय काय चाललंय ते पेपरात वाचत असालच. नकाशात रंग बदलला म्हणून जमीन अर्धा मीटर वर येत नाही.

मग तुम्ही काय करायचं? एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्या गोव्याचा सातबारा, काढा. आपण सगळे त्यातलं मालकाचं नाव बघतो, कूळ कोण ते बघतो आणि घडी घालून ठेवतो. त्याच्यात जमिनीच्या क्षेत्रफळाचे रकाने असतात, जिरायत, बागायत, तरी (भाताची), खाजन, केर, मोरड. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याच्या खालची जमीन, केर मधली, मोरड वरची. सर्व्हे करणाऱ्याने जमीन किती खाली आहे ते तेव्हाच लिहून ठेवलंय, आता कोणी वाचत नाही एवढंच. आणि शेताचं नाव लिहिलेलं असतं ते वाचा. नावात मळो, शेळ, तळें, व्हाळ, बांद, खाजन असं काही आलं की समजून जा. प्लॉट पाडून नवीन नंबर पडला असेल तर मूळ सर्व्हे नंबरचा जुना उतारा मागा, नवीन उताऱ्यात हे सगळं पुसलं जातं.

साखळीचं अजून एक आहे, तिथे नदीला भिंती आहेत, पंप आहेत, त्यामुळे बाजारात पूर्वीसारखं पाणी येत नाही हे खरं. पण भिंत असली की दोन गोष्टी विचाराव्या लागतात, आपला प्लॉट भिंतीच्या कुठल्या अंगाला आहे, आणि नदी भरलेली असताना आतल्या बाजूला पडलेला पाऊस कुठे जाणार. तो पंपाने उपसावा लागतो, आणि वीज नेमकी त्याच दिवशी जाते हे मी सांगायला नको. वर अंजुणे धरण आहे, त्याचे दरवाजे उघडले की ते पाणी तुमच्याच दारावरून जाणार.

एवढं सगळं बघून पण घ्यायचाच असेल तर ८२ च्या खुणेच्या वर राहायचा मजला काढा, खाली खांब, पाणी आलं तर जाऊ दे खालून. भराव घालून प्लॉट उंच करू नका, का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : १०० वर्षांचा पूर म्हणजे १०० वर्षांत एकदाच ना? मग २०२१ ला येऊन गेला, आता आमच्या हयातीत टेन्शन नाही असं समजायचं का?

उत्तर : नाही हो! हे नावच चुकीचं पडलंय. १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी येण्याची शक्यता १ टक्का, २५ वर्षांचा म्हणजे दर वर्षी ४ टक्के. या वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षी शक्यता कमी होत नाही, नदीला हिशोब ठेवायची सवय नाही. तुम्ही ३० वर्षांचं होम लोन घेतलं तर ते फिटेपर्यंत १०० वर्षांचा पूर एकदा तरी यायची शक्यता साधारण २६ टक्के, आणि २५ वर्षांचा पूर यायची ७० टक्क्यांच्या आसपास. आणि हे पण नुसतं गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या पावसाच्या आकड्यांवरून काढलेलं असतं, पाऊस पडायची पद्धतच बदलली तर आकडे जुने झाले. शिवाय पूर जून-जुलैतच येतो असंही नाही, काणकोणला २००९ साली तो २ ऑक्टोबरला आला, गांधी जयंतीच्या दिवशी, जेव्हा लोकांनी छत्र्या आत टाकलेल्या. डोंगर समुद्राला चिकटून आणि नद्या आखूड, तळपण गालजीबाग बघा, वर पडलं की खाली यायला वेळच लागत नाही.

प्रश्न : आम्ही मांडवीतल्या दिवाडी बेटावरचे. घरासमोर खाजन शेत आहे, दहा-बारा वर्षं पडीक. मानस (बांधातलं पाण्याचं दार) मोडलेली, बांध फुटला, आता तिथे खारफुटी आलीय. बाजूच्या तुकड्यात कोणीतरी रात्री टिप्पर आणून माती टाकतंय. विचारलं तर म्हणतात तुमचं काय जातं, शेत आमचं. आमच्या अंगणात पूर्वी कधी पाणी नव्हतं, दोन वर्षं येतंय. याचा संबंध आहे का आणि कुणाकडे जायचं?

उत्तर : संबंध आहे, आणि तुमचं अंगणच जातं.

आमच्या पिढीला खाजन शाळेत शिकवलं ते शेतीच्या धड्यात, म्हणून आपल्याला वाटतं ते भातासाठी केलेलं. भातासाठी तर आहेच, कोरगुट सारखं खाऱ्या पाण्यात तग धरणारं भात तिथेच होतं, पण गावकऱ्यांनी जे बांधलं त्याच्यात पुराची सोयही होती. बाहेरचा बांध नदीला अडवतो, आत पोंय म्हणजे पाणी साठायची जागा, आणि मधे मानस. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या जोराने मानशीचं दार आपोआप बंद, ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. मोटर नाही, वीज नाही. भरतीच्या पाच-सहा तासांत पडलेला पाऊस थांबायला कुठेतरी जागा पाहिजे, ती जागा म्हणजे ते शेत आणि ती पोंय. गोव्यात असं साधारण १८ हजार हेक्टर खाजन होतं असं धरतात.

आता हिशोब करा. १०० मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर १० लाख लिटर पाणी. आपल्याकडे जुलैत एका दिवसात एवढा पडणं काही नवीन नाही. आणि एक हेक्टर शेतात एक मीटर भराव घातला तर १ कोटी लिटर पाणी थांबायची जागा गेली, म्हणजे १० हजार लिटरचे हजार टँकर. ते हजार टँकर आता कुठे जाणार? शेजाऱ्याच्या अंगणात. भराव घालणारा स्वतःचं घर वाचवत नाही, पाणी दुसऱ्याकडे पाठवतो, म्हणून वरच्या उत्तरात खांबावर घर म्हटलं.

मानस मोडण्यामागे पण गोष्ट असते. मानशीवरच्या मासळीची पावणी (लिलाव) होते, पावणी घेतलेल्याला मासे पाहिजेत म्हणून तो दार भरतीला उघडं ठेवतो, खारं पाणी आत येतं, शेत नासतं, शेतकरी कंटाळून सोडतो, मग बांधाकडे कोण बघणार, एका पावसात भगदाड पडतं. मग खारफुटी येते, आणि खारफुटी आली की ती तोडता येत नाही, कायद्याने संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे, पण जो बांध दुरुस्त करायला जातो त्याचीच पंचाईत होते. मग बाजूचा म्हणतो शेती होतच नाही तर माती टाकून विकूया. सगळेच असे बदमाश नसतात हे पण खरं, कित्येक ठिकाणी नुसता आळस आणि वाटण्या.

कायद्याने तुमची बाजू पक्की आहे. नगर नियोजन कायद्यात कलम १७अ आहे, परवानगीशिवाय डोंगर कापायचा नाही आणि सखल जमीन भरायची नाही, मग ती स्वतःची का असेना. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळं लिहिलंय की खाजन जमिनी नकाशात घ्या आणि तिथे विकासकामाला परवानगी नाही. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये भातशेती आणि खाजन पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील विभागात आहे. ती जमीन कुळाला मिळालेली असेल तर १९९१ चा कायदा, शेतीशिवाय दुसरा वापर नाही. आणि २०२३ पासून भातशेत शेतकरी नसलेल्याला विकायलाच बंदी. आता एवढे कायदे असून रात्री टिप्पर येतो कसा, ते मी इथे लिहिलं तर संपादक कापतील.

काय करा, फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, टिप्परचा नंबर दिसला तर उत्तम, आणि चतुर्थीच्या किंवा लाँग वीकेंडच्या सुट्टीत जास्त लक्ष ठेवा, भराव तेव्हाच पडतात. तालुक्याचं भरारी पथक, मामलेदार, नगर नियोजन खात्याचं तालुका ऑफिस, पंचायत, चौघांना एकच अर्ज, प्रत्येकाकडून इनवर्डचा शिक्का घ्या. तोंडी सांगू नका. मी स्वतः एकदा तोंडी सांगून आलो होतो एका ऑफिसात, साहेब अगदी चहा पाजून हो हो म्हणाले आणि आज तिथे तीन बंगले आहेत. माती आहे तोवर काढायला लावता येते, वर प्लिंथ आली की वर्षं जातात. आणि मानशीचं काम तुमच्या कूळ संघटनेकडे येतं, तिची शेवटची बैठक कधी झाली ते मामलेदाराकडे विचारा, संघटना कागदावरच असेल तर नवीन कमिटीसाठी अर्ज करा. बांध दुरुस्तीचं कृषी खात्याच्या मृद संधारण विभागाकडे विचारा, पण अर्ज संघटनेचाच लागेल, एकट्याचा कोणी बघत नाही.

प्रश्न : मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी मांडवीचा फ्लड मॅप करायचा विचार आहे. सॅटेलाईटचा फ्री डेटा वापरून होईल का?

उत्तर : होईल, सुंदर दिसेल, मार्क पण मिळतील. पण खरा असेल का विचारलं तर नाही.

कारण सांगतो. फ्री मिळणारे सॅटेलाईटचे उंचीचे डेटा ३० मीटरच्या चौकोनाचे असतात आणि उंचीत काही मीटरची चूक चालून जाते. हिमालयात ते चालेल, आपल्या खाजनात अर्ध्या मीटरवर सगळा खेळ. बांध तर त्यात दिसतच नाही, झाडाचा शेंडा जमीन म्हणून धरला जातो. १:५०,००० च्या टोपोशीटवर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने, म्हणजे दिवाडी, चोडणची सगळी शेतं एकाच पट्ट्यात. म्हणून खरा अभ्यास करायचा तर विमानातून लेसरने केलेला सर्व्हे पाहिजे नाहीतर लेव्हल घेऊन पायी फिरायचं.

क्रम असा असतो, आधी पाऊस आणि नदीच्या पाण्याचे जुने आकडे, मांडवीवर केंद्रीय जल आयोगाचं मोजणी केंद्र गांजेला आहे, त्यावरून २५ आणि १०० वर्षांच्या पुराचं पाणी किती ते काढायचं, मग नदीचे आडवे छेद, मग हेक-रास सारखं मॉडेल, ते फुकट मिळतं, अमेरिकन आर्मीच्या इंजिनियरांनी केलेलं, त्यात पाणी सोडायचं आणि कुठे किती चढतं बघायचं. आणि मग २०२१ च्या खुणांशी जुळतं का बघायचं. खूप जण ही शेवटची पायरी गाळतात.

गोव्यात मात्र खालचं टोक विसरू नको. मांडवीत भरती जवळजवळ ५० किलोमीटर आत जाते, गांजेपर्यंत, आणि अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. त्यामुळे तोच पाऊस सुकतीला (ओहोटीला) पडला तर नुसता वाहून जातो आणि उधाणाच्या भरतीला पडला तर पणजीतल्या मळा भागात घरात शिरतो, कारण नाल्याचं तोंडच बंद. मुरगावचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक सर्वे ऑफ इंडिया छापतं, ते घे आणि एकच पाऊस दोन वेगवेगळ्या भरतीला चालवून बघ. प्रोजेक्टला एवढंच केलंस तरी पुष्कळ. वाटल्यास पणजीतला सांतइनेजचा नालाच घे, अख्खी मांडवी तुला झेपायची नाही. आणि पुराचं पाणी थांबवणारी जागा बघायची असेल तर एखाद्या रविवारी कुडचड्याला नंदा तळ्यावर जा, ४२ हेक्टर, २०२२ ला गोव्याची पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, पावसाळ्यानंतर लोक तिथे पाणी साठवून ठेवतात आणि त्या पाण्यावर तळ्याच्या खालच्या बाजूला भात लावतात.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला घर घेतोय. बँक म्हणते घर फ्लड झोनमध्ये आहे, इन्शुरन्स घ्यावाच लागेल. तो म्हणतो उगाच पैसे काढतात. खरं काय? आणि आपल्याकडे असं असतं का? (मडगाव)

उत्तर : उगाच नाही. तिथे १९६८ पासून सरकारी पूर विमा आहे, गावोगावचे पूर अभ्यास करून नकाशे काढलेत, दर वर्षी १ टक्का शक्यतेच्या पुरात येणारा भाग वेगळा दाखवतात, आणि त्या भागातलं घर सरकारशी संबंधित कर्जावर घेतलं तर १९७३ पासून विमा सक्तीचा. गावाने नदीकाठच्या बांधकामाचे नियम केले तरच गावाला तो विमा मिळतो, हा त्यातला खरा डाव. नदीची मधली वाट मोकळी ठेवावी लागते, भराव घालून पुराची पातळी साधारण एक फुटाच्या वर चढता कामा नये. मुलाला सांगा झोनचं अक्षर बघ आणि घराचा मजला पुराच्या पातळीच्या किती वर आहे त्याचं सर्टिफिकेट माग. आणि एक्स झोन (कमी धोक्याचा) आला म्हणून उड्या मारू नको, २०१७ ला हार्वे वादळात ह्यूस्टनमध्ये रेषेच्या बाहेरची पुष्कळ घरं बुडाली.

आपल्याकडे सक्ती नाही. पण २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची घराची पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, त्यात पूर येतो. होम लोनबरोबर बँक जी पॉलिसी गळ्यात मारते ती कधी कधी नुसती माणसाची असते, कर्जदार गेला तर कर्ज फेडणारी. घरात गुडघाभर पाणी आलं तर तिचा काही उपयोग नाही. तुमची कुठली आहे ते आजच कपाटातून काढून बघा.

प्रश्न : आम्ही हसापूरचे, पेडणे तालुका. आमच्याकडे पाऊस थांबल्यावर पूर येतो. लोकांना पटत नाही.

उत्तर : मला पटतं. ते तिळारीचं पाणी. धरण दोडामार्गाला महाराष्ट्रात, प्रकल्प दोन्ही राज्यांचा, आणि सोडलेलं पाणी खाली शापोरा नदीत येतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये इब्रामपूर, हसापूर, चांदेलला तेच झालं होतं. धरण भरून काठोकाठ आलं की आलेलं पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो, म्हणून जुलैमध्ये थोडी जागा रिकामी ठेवायची असते, पण पुढच्या उन्हाळ्याची काळजी असल्याने कोणी ठेवायला राजी नसतं. पंचायतीतून लेखी मागणी करा की पाणी सोडण्याच्या किती तास आधी आणि कुणाच्या फोनवर कळवणार, आणि भरतीची वेळ बघून सोडणार का. आमच्या ओळखीतले तिथले एक गृहस्थ धरणाच्या भरवशावर राहत नाहीत, नदीच्या पायऱ्यांना पांढऱ्या रंगाचे पट्टे मारून ठेवलेत, तिसरा पट्टा बुडाला की म्हशी सोडतात.